दप्तरातला फोन

मैत्रिणींनो, शाळेत फोन आणायचा नाही म्हटलं की पहिली कुरकूर मुलांची होणार, असं तुम्हांला वाटेल. पण आमच्या धाकटीच्या शाळेत पालकसभा झाली, तेव्हा तावातावानं बोलत होत्या त्या आयाच! "बस चुकली तर? पावसानं गाड्या बंद पडल्या तर? तिला मध्येच बरं वाटेनासं झालं तर?" यातला एकही प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. आईबाप दोघंही नोकरीवर, मुलगी आठवीत, जाणं-येणं एकटीचं. जिवाला घोर लागणारच.

पण जरा शांतपणे पाहू या. हा घोर असतो वाटेवरचा. एकदा वर्ग भरला की मूल शिक्षकांच्या डोळ्यांसमोर असतं. मग गणिताच्या तासाला खिशात फोन कशाला? युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की, एकदा लक्ष उडालं की ते पुन्हा अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपल्याकडे तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा. म्हणजे "डबा खाल्लास का?" एवढ्या निरोपापायी निम्मा तास गेलाच म्हणायचा!

दुसरी गोष्ट मुलींच्या आयांसाठी. आपल्या लेकीच्या हातातला फोन तिच्या रक्षणासाठी, हे खरं. पण शेजारच्या बाकावरही एक फोन असतो. त्यातून कुणी तिचा चोरून फोटो काढला आणि वर्गभर फिरवला, तर आपला फोन काय कामाचा? माझं मत बंदीच्या बाजूनं झुकलं ते याच विचारानं.

फ्रान्सनं २०१८ साली कायदाच करून शाळांमध्ये फोन वापरायला बंदी घातली. आजारी नि अपंग मुलांना मात्र त्यात सूट ठेवली. हे महत्त्वाचं. मधुमेह असलेल्या एखाद्या मुलाचं साखर मोजणारं यंत्र फोनला जोडलेलं असतं. त्याचा फोन काढून घेऊन कसं चालेल? आणि आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ साली काय केलं ठाऊक आहे ना? संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलांचे तर बंदच, पण मोठ्यांचेही! नियम सगळ्यांना सारखा असला की मुलं तो मुकाट्यानं पाळतात.

म्हणून सभेत मी एवढंच मागितलं. फोन सकाळी बंद करून वर्गशिक्षकांकडे पेटीत ठेवावा आणि सुटताना परत मिळावा, म्हणजे वाटेवर तो हाताशी राहील. शाळेच्या कार्यालयातला फोन वाजला की तो उचलणारं माणूस हवं. नाहीतर आयांनी भरवसा ठेवायचा कशावर? आणि गृहपाठ व्हॉट्सॲपवर न धाडता फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यावा.

घरी आपण काय करायचं? आईबाबांचा आणि एका शेजारणीचा नंबर मुलांकडून तोंडपाठ करून घ्या. आपल्याला नाही का पाढे पाठ असत? तेच नंबर कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. दप्तराच्या चोरकप्प्यात रिक्षापुरते पैसे ठेवा. बस चुकली तर कुठे थांबायचं, कुणाला सांगायचं, हे एखाद्या रविवारी प्रत्यक्ष त्या वाटेनं हिंडून दाखवा. आणि शाळेच्या वेळात काही निरोप असेल, तर तो कार्यालयातच द्या.

पहिले चार दिवस तुम्हांला चुकल्यासारखं होईल. दुपारी हात आपोआप फोनकडे जाईल. जाऊ द्या. संध्याकाळी लेक घरी आली, की डबा कुणाबरोबर खाल्ला ते तिच्याच तोंडून ऐका.