एका नुक्त्याचा फरक

आमच्या आपाचा पहिला मुलगा 2008 च्या डिसेंबरात गेला. सात महिन्यांचा होता. डोळे टपोरे, हाक मारली की ओळखून हसायचा. पण त्याने मान धरली नाही. पाय बेडकासारखे दोन्हीकडे पडलेले असत आणि रडणं इतकं बारीक की बाजूच्या खोलीत ऐकू येत नसे. श्वास घेताना छातीऐवजी पोट वरखाली व्हायचं. थंडीत कफ झाला, दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं.

आपा आमच्या खालाच्याच घरात दिलेली. खालाजाद भावाशी निकाह, त्यामुळे सासर परकं नव्हतं. तरी कुजबुज झालीच. कोणी नजर म्हणालं, कोणी ग्रहणाचं काढलं. आपा कोणाला उत्तर देत नसे. तिने स्वतःपुरतं एक कारण धरून ठेवलं होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

दोन-तीन वर्षांनी खालाच्या मुलीला, म्हणजे आपाच्या नणंदेला, मुलगी झाली. ही नवव्या महिन्यात बसली. बोलायला तर सगळ्यांच्या आधी लागली. फक्त उभी राहिना. हाताची बोटं पुढे केली की किंचित थरथरायची. पाळण्यातून पडली होती, त्याचा मार असेल, असं घरात ठरलं. दोन घरं, दोन मुलं. एकाला न्यूमोनिया, दुसरीला मार. ही दोन्ही मुलं एकाच आजाराची आहेत असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही. येणार तरी कसं? एक मान न धरता गेलं आणि दुसरी बसून गाणी म्हणत होती.

2013 मध्ये त्या मुलीची रक्ततपासणी झाली. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, थोडक्यात एसएमए. आपल्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत काही चेतापेशी असतात, त्या स्नायूंना हलण्याचा हुकूम पोचवतात. या आजारात त्या पेशी हळूहळू मरतात. हुकूम पोचत नाही म्हणून स्नायू वाळतात. बुद्धीला आणि स्पर्शाच्या जाणिवेला मात्र काही होत नाही.

रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या डॉक्टर बाईंनी कागदावर दोन चौकोन काढले. पाचव्या गुणसूत्रावर एसएमएन-1 नावाचं जनुक असतं. या पेशींना जगवणारं प्रथिन त्यावरून तयार होतं. आई आणि वडील, दोघांकडून त्याची एकेक प्रत आपल्याला मिळते. एक प्रत बिघडलेली किंवा गायब असली तरी माणूस पूर्ण धडधाकट राहतो, त्याला वाहक म्हणतात. दोन्ही नसल्या तर आजार. ते जनुक पॅरिसच्या एका प्रयोगशाळेने 1995 मध्ये शोधून काढलं.

मग दोन्ही प्रती नसलेलं एक मूल सात महिन्यांत जातं आणि दुसरं बसतं, ते कसं?

याचं उत्तर शेजारच्या जनुकात आहे. एसएमएन-2 हे एसएमएन-1 चं जवळजवळ हुबेहूब जुळं. खरा फरक पाडणारं अक्षर एकच. मी उर्दू शिकवते. ऐनवर एक नुक्ता पडला की ग़ैन होतो आणि ‘दुआ’चं ‘दगा’ होतं, हे पाचवीच्या मुलांना फळ्यावर दाखवते. इथला प्रकार थोडा वेगळा आहे. इथे शब्दाचा अर्थ बदलत नाही. पण ते एक अक्षर बदलल्यामुळे पुस्तक बांधणाऱ्याकडून एक पान गळतं. दहातली सुमारे नऊ पुस्तकं त्या पानाशिवाय बांधली जातात आणि ती टिकत नाहीत. एखादंच पुरं निघतं. ज्याचं मुख्य जनुक गेलं आहे, त्याला या एखाद्या पुऱ्या पुस्तकावरच गुजराण करावी लागते. आणि हे जुळं जनुक कोणाच्या शरीरात दोनदा असतं, कोणाच्या तीनदा, कोणाच्या चारदा. जितक्या प्रती जास्त, तितकं प्रथिन जास्त.

दोनच प्रती असलेली बहुतेक मुलं सहा महिन्यांच्या आत आजारी पडतात आणि उपचाराशिवाय कधी बसत नाहीत. तीन असल्या तर बरीचशी बसतात पण चालत नाहीत. चार असल्या तर पुष्कळदा चालतातही, मोठेपणी जिने चढताना त्रास सुरू होतो. हा हिशेब तंतोतंत नाही, अपवाद असतात. त्या मुलीच्या रिपोर्टवर आकडा होता 3.

2014 मध्ये आपाने आणि दुल्हाभाईंनी तपासणी केली. दोघेही वाहक निघाले. बाळाचं रक्त कोणी जपून ठेवलं नव्हतं, म्हणून त्याच्या प्रती किती होत्या ते कधीच कळणार नाही. लक्षणं ऐकून डॉक्टर म्हणाल्या, बहुधा दोन. आपा बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, “दिवस राहिले तेव्हा रमजान चालू होता. मी सगळे रोजे ठेवले होते. त्यामुळे नाही ना झालं?”

सहा वर्षं ती हे मनात घेऊन नमाजला उभी राहत होती. डॉक्टर म्हणाल्या, “नाही. मूल पोटात आलं त्या घडीलाच हे ठरलेलं होतं.” आपा तिथेच रडली. दुल्हाभाई खिडकीबाहेर बघत राहिले.

एक गोष्ट मला फार खटकते. बाळ गेल्यावर लोक तिला धीर देत म्हणायचे, “चारात एक असं होतं ना, एक झालं, आता तीन चांगली होतील.” चारात एक हे खरं आहे. आई-वडील दोघे वाहक असतील तर दर खेपेला तेवढीच शक्यता असते, आणि ती दर खेपेला नव्याने. मी सातवीला गणितही घेते. दोन नाणी उडवायला लावते. दोन्ही काटे पडण्याची शक्यता चारात एक. मागच्या वेळी काय पडलं ते नाण्याला आठवत नाही. ती खालाची नात यंदा माझ्याच वर्गात आहे, चाकाच्या खुर्चीत पहिल्या बाकाशेजारी. सगळ्यांत आधी उत्तर तिनेच दिलं. गणितात माझ्यापेक्षा वेगवान आहे. आपाला 2010 मध्ये मुलगी झाली, ती तंदुरुस्त आहे, अल्लाहचा शुक्र. पण तिसरं मूल आपाने होऊ दिलं नाही.

कोणी म्हणेल, नात्यात लग्नं करता म्हणून असं होतं. त्यात तथ्य आहे. एकाच नाना-नानीकडून आलेली बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याचा संभव वाढतो. पण त्या मुलीचे अब्बा आमच्या नात्यातले नाहीत, शंभर किलोमीटरवरच्या गावचे आहेत. तेही वाहक निघाले. साधारण पन्नासात एक माणूस वाहक असतो आणि ते त्याला ठाऊक नसतं. आणि हे मुलीच्या रक्तातून येतं असंही नाही. वाहक मुलगा असो की मुलगी, तेवढाच.

इलाज आता आहेत. 2016 च्या डिसेंबरात अमेरिकेत पाठीच्या कण्यात द्यायच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली आणि 2020 मध्ये तोंडाने घ्यायचं औषध आलं. ही दोन्ही त्या जुळ्या जनुकालाच गळणारं पान टाकू नको म्हणून सांगतात. 2019 मध्ये आलेलं एकदाच द्यायचं जनुक-औषध तर सोळा कोटींचं. त्यासाठीच्या लोकवर्गणीच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणात नेमून दिलेल्या केंद्रांमार्फत 50 लाखांपर्यंत मदत मिळते, मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. पण रोज घ्यायच्या औषधाला 50 लाख किती वर्षं पुरणार? शिवाय मेलेली पेशी परत येत नाही. औषध लक्षणं दिसण्याआधी, जन्मल्या जन्मल्या मिळालं तर खरा फायदा. आमच्या मुलीचा अर्ज गेलेला आहे.

आता माझी कबुली. हे सगळं मी दहा वर्षं लोकांना समजावत होते, पण स्वतःचं रक्त दिलं नाही. मला दोन मुलं झाली, दोन्ही चांगली, मग कशाला, असं म्हणत टाळलं. यंदा माझ्या मुलीसाठी खालाच्या थोरल्या मुलाच्या घरून रिश्ता आला. मुलगा शिकलेला, शांत. माझ्या मुलीलाही पसंत. तेव्हा मी तपासणी केली. मी वाहक आहे. मग मुलीची केली. तीही वाहक.

मी खालाकडे गेले आणि म्हटलं, मुलाचीही तपासणी करू या. खाला म्हणाली, “अगं पोरी, हे लोकांना कळलं तर तुझ्याच मुलीचं नाव होईल. नसीबात असेल ते होईल.” मी म्हटलं, “खाला, तुम्ही आपाचं पाहिलंय.” ती गप्प झाली. मुलगा आत बसून ऐकत होता. बाहेर येऊन म्हणाला, “दादी, मी देतो रक्त.”

तो वाहक नसेल तर मुलांना हा आजार होण्याची भीती जवळजवळ उरत नाही. जवळजवळ म्हणते, कारण काहींच्या एकाच गुणसूत्रावर दोन प्रती असतात आणि असा वाहक साध्या तपासणीत सापडत नाही. तोही वाहक निघाला, तरी डॉक्टरांच्या मते निकाह मोडायलाच हवा असं नाही. गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात होऊ शकते. त्यापुढचा सवाल डॉक्टरांइतकाच मौलाना साहेबांनाही विचारावा लागेल. तो त्या दोघांनी मिळून विचारायचा आहे. मुलीने मला तसं स्पष्ट सांगितलं आहे.

मुलाने सोमवारी रक्त दिलं. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर हॉल ठरवू नका, एवढं मात्र खालाने माझं ऐकलं आहे.