मुसीकाठून समुद्राकडे

समुद्राचा आणि मलकपेठेचा संबंध काय, असे कोणी विचारील. भूगोलाचे उत्तर सरळ आहे. चादरघाटाखालून वाहणारी मुसी नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेस मिळते आणि कृष्णा हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरास. आपल्या गल्लीतील नाल्यात पडलेली प्लास्टिकची पिशवी वाटेतल्या बंधाऱ्यांतून निसटली, तर तिचा प्रवास तिथेच संपावयाचा.

ऑक्टोबर 2015 मध्ये मुंबईचे एक वकील, अफरोझ शाह, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलू लागले, तेव्हा सोबतीस हरबंश माथुर नावाचे 84 वर्षांचे एक शेजारी तेवढे होते. पुढे दर शनिवार-रविवारी माणसे जमू लागली. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाने शाह यांचा गौरव केला. मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे निघालेली लोकांनी पाहिली. वृत्तपत्रांना ही कासवे फार आवडली, आणि ते साहजिकच आहे. मला मात्र त्यानंतरची हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. साफ केलेल्या किनाऱ्यावर भरती नवा कचरा आणून टाकी; तेव्हा शाह आणि त्यांचे सहकारी मिठी नदीकडे वळले. किनारा हे कचऱ्याचे शेवटचे स्थानक आहे. तो गाडीत चढतो दुसरीकडेच.

आपली मुसीही अशीच. 1908 च्या महापुरानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. शहर बरेचसे सुरक्षित झाले, पण एरवी नदीच्या पात्रात वाहते ते मुख्यतः सांडपाणी. पावसाळ्यात दरवाजे उघडले की वर्षभराची सफाई नदी एका रात्रीत करते आणि सारा ऐवज खालच्या शेतकऱ्यांच्या हवाली करते. जुलै 2022 मध्ये मूसारामबागचा पूल पाण्याखाली गेला होता. अशा पुरानंतर कठड्यांना लोंबणाऱ्या चिंध्या आणि पिशव्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना अधिक सांगणे नको.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. दिवसा बाबांना झाडताना पाहिलेल्या श्रोत्यांना रात्री ऐकताना खाली मान घालावी लागत असेल. महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव दिले, हे योग्यच झाले. परंतु सरकारी कागदांत रकाना असतो तो किती टन कचरा उचलला याचा. किती टाकलाच गेला नाही, हे लिहावयास जागा नसते. नोकरीत असले तक्ते मीही पुष्कळ भरले आहेत.

आपल्यातील तरुणांनी सुटीत बापटल्याजवळच्या सूर्यलंकेच्या किनाऱ्यावर सफाईसाठी जावे, अशी सूचना अधूनमधून कानावर येते. अवश्य जावे, समुद्रस्नानही होईल. त्याआधी, मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी, एक रविवार घराशेजारच्या नाल्यासाठी राखून ठेवावा. हातमोजे आणि गोणपाटे मलकपेठेच्या बाजारात मिळतात.