एका डायलवरची दोन आडनावं

पुण्यात एक काळ असा होता, की लग्न ठरलं म्हणजे याद्या व्हायच्या आणि त्या यादीत जावयाच्या नावापुढं तीन गोष्टी हमखास असायच्या : सूट, अंगठी आणि घड्याळ. मुलाकडची मंडळी समंजस असली तर ‘चांगल्यापैकी घड्याळ’ एवढ्यावर भागायचं. नाहीतर नावच सांगितलं जाई, ‘फेवरलुबा’. ते एका दमात म्हणायचं असे. जणू एकच शब्द. ते कुठल्या तरी गावाचं नाव असावं, असंच पुष्कळांना वाटे.

खरं म्हणजे ती दोन आडनावं आहेत, फाव्र आणि ल्युबा. दोन घराण्यांची. आणि या दोन आडनावांची गोष्ट आपण बायकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे.

स्वित्झर्लंडमध्ये जुरा नावाचे डोंगर आहेत. त्या डोंगरात ल लोक्ल नावाचं गाव आहे. तिथं अब्राहम फाव्र नावाच्या माणसाची घड्याळजी म्हणून नोंद झाली ती १७३७ साली. आपले थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आले तेच हे वर्ष. शनिवारवाड्याची वास्तुशांत होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. म्हणजे किती जुनं घराणं, बघा! त्या डोंगरात हिवाळा लांब. शेतं बर्फाखाली. मग शेतकरी कुटुंबं खिडकीशी बसून घड्याळाचे बारीक बारीक भाग करत. कुणी चाकं कापी, कुणी स्क्रू करी, कुणी काटे. सगळे भाग गोळा करून जोडणारा आणि विकणारा वेगळा. डायलवर नाव पडे ते त्याचं.

१८१५ साली फाव्र घराण्यानं ऑगस्ट ल्युबा या व्यापाऱ्याशी भागीदारी केली आणि पेढीचं नाव झालं फाव्र-ल्युबा. पुढं १८५५ साली फाव्रांच्या फ्रिट्झचं लग्न झालं ते ल्युबांच्या आडेल-फॅनीशी. धंद्यातली भागीदारी होती, तिची आता सोयरीक झाली. म्हणजे आडेल-फॅनीबाईंच्या घरच्या घड्याळावर सासर आणि माहेर दोन्ही नावं शेजारी शेजारी! आपल्याकडं लग्नात नावसुद्धा तांदळात नव्यानं लिहायचं. तिथं निदान घड्याळापुरतं माहेर पुसलं गेलं नाही. अर्थात ते काही बाईंसाठी ठेवलं नव्हतं, पेढीच्या नावासाठी ठेवलं होतं, हेही खरंच.

हाच फ्रिट्झ पुढं १८६० च्या दशकात हिंदुस्थानकडं वळला. इथं रेल्वे नुकती पसरू लागली होती. कचेऱ्या, गिरण्या, कॉलेजं निघत होती. वेळेवर हजर राहायचं म्हणजे काय, हे लोक शिकत होते. मुंबईत पेढीचं बस्तान बसलं. तिच्यामागून दुसरीही स्विस मंडळी आली. १८८६ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’च्या घड्याळांवर तर ‘बॉम्बे’ आणि ‘कलकत्ता’ अशी गावांची नावंच छापलेली असत. रेल्वेतल्या आणि लष्करातल्या माणसांकडं ही घड्याळं असायची. स्वित्झर्लंडमध्ये केलेली आणि आपल्या लोकांच्या मनगटासाठी केलेली.

आपल्या लोकांच्या म्हणजे पुरुषांच्या. बाईला वेळ कळावी म्हणून घड्याळ लागतं, असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तिच्या आधीच्या पिढ्यांना घटका-पळं ठाऊक होती. लग्नात पाण्यावर घटिकापात्र सोडत. भोकातून पाणी शिरून ते बुडालं की एक घटका, म्हणजे आपली चोवीस मिनिटं झाली. ‘घटका भरली’ हा शब्द तिथलाच. पुढं नळ आले, तर नळाची वेळ हे तिचं घड्याळ झालं. दूधवाला, मुलांच्या शाळेची घंटा, मग रेडिओ. सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की पोळ्यांचा तवा चढलेला असायचाच. घरातला एकूण एक माणूस तिच्या वेळेवर बाहेर पडायचा आणि घड्याळ तेवढं त्यांच्या हाताला.

आमच्या सासूबाईंचं लग्न १९५४ साली झालं. वडील शाळामास्तर, पाठीवर तीन बहिणी. मामंजींच्या घरून ‘फेवरलुबा’च हवं असा निरोप आला. मास्तरांच्या पगारात ते बसणारं नव्हतं. मग सासूबाईंच्या आईनं हातातल्या पाटल्या मोडल्या. लग्नाच्या दिवशी त्यांच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या आणि सीमांतपूजनाला मामंजींच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. सासूबाई हे अगदी सहज सांगत. कुणाची तक्रार म्हणून नाही. पाटल्यांचं वजन मात्र त्यांच्या नेमकं लक्षात होतं.

या घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागे. ते काम सासूबाईंचं. सकाळी आंघोळ, देवाला दिवा आणि मग घड्याळाला किल्ली. पदरानं काच पुसून ते रेडिओवर ठेवायचं. मामंजी जेवून उठले की हाताला बांधून कचेरीला जात. मी १९८४ साली या घरात आले तेव्हाही हा क्रम तसाच होता. एकदा मी म्हटलं, “आई, द्या, मी देते किल्ली.” तर म्हणाल्या, “नको गं. हाताला कळतं कुठं थांबायचं ते. नव्या हाताला नाही कळायचं.”

घड्याळ उघडून पाहिलं तर आत काय असतं? डायलवर ‘१७ ज्वेल्स’ असं लिहिलेलं आपण वाचतो. ते खरोखरच माणिक असतं, कृत्रिम पण माणिकच. चाकांच्या टोकांना झीज होऊ नये म्हणून बसवलेलं. त्याहून नाजूक असते ती केसासारखी स्प्रिंग. घड्याळाचा श्वास म्हणा. ती किती लांब ठेवायची, कुठं किंचित वळवायची, म्हणजे घड्याळ पुढंही पळणार नाही आणि मागंही पडणार नाही, हे ठरवणं फार जोखमीचं काम. स्वित्झर्लंडमध्ये हे काम बहुतेक बायकाच करायच्या. पुष्कळ जणी घरी बसून. वेळ बरोबर दाखवण्याचं श्रेय डायलवरच्या नावाला, आणि ती बरोबर लावणारा हात कुण्या निनावी बाईचा.

अंधारात चमकणारी ‘रेडियमची घड्याळं’ आठवतात ना? ते आकडेही बायका-मुलीच रंगवत. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात निघालेल्या कारखान्यात मुलींना ब्रशाचं टोक ओठांनी बारीक करायला शिकवलं होतं. रेडियम पोटात गेलं. जबड्याची हाडं झिजली, कितीतरी जणी तरुणपणी गेल्या. त्यांच्यातल्या पाचजणींनी कोर्टात दाद मागितली, तेव्हा १९२८ साली मालकाला भरपाई द्यावी लागली. जुराच्या डोंगरातही हे रंगकाम बायका घरी करत. त्यातली काही घरं इतकी दूषित झाली होती, की २०१५ पासून तिथल्या सरकारला मोहीम काढून ती शोधावी आणि साफ करावी लागली. आपण आकड्यांच्या चमकण्याचं कौतुक करत होतो तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं!

फाव्रांच्या आठ पिढ्यांनी हा धंदा केला. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि हवेचा दाब दाखवणारं मनगटी घड्याळ त्यांनी १९६२ साली काढलं. पाण्यात किती खोल गेलो ते दाखवणारं १९६८ साली. आपल्याकडं ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’ घरोघरी होती. पण १९६९ च्या डिसेंबरात जपाननं बॅटरीवर चालणारं क्वार्ट्‌झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि सगळं चित्र बदललं. किल्ली नको, तेल नको, वेळही अधिक बरोबर. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमाराला घड्याळाच्या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्यातली जेमतेम एक तृतीयांश उरली. १९८० च्या दशकात फाव्र कुटुंबाच्या हातून पेढी गेली. आपल्याकडं तर परदेशी घड्याळांची आयात त्याआधीच अवघड झाली होती आणि बंगलोरला १९६१ साली सुरू झालेल्या एच.एम.टी.च्या घड्याळांनी मनगटं काबीज केली होती. एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णयही २०१६ साली झालाच. घराणं कितीही मोठं असो, पिढ्या बदलतात.

आमच्या घरातली पिढी बदलली १९९८ साली. मामंजी गेले. तेरावा-चौदावा आटोपला, पाहुणे पांगले आणि घरची माणसं तेवढी उरली. मामंजींच्या वस्तू पलंगावर मांडलेल्या. चष्मा, पेन, कानटोपी, घड्याळ. थोरले भावजी म्हणाले, “घड्याळ रीतीनं थोरल्याकडं जातं.” आमच्या घरातून काही आवाज आला नाही, पण चेहरा बोलत होता. वन्सं दारात उभ्या होत्या. मुलीला कोण विचारतं?

सासूबाई उठल्या. घड्याळ उचललं. बंदच होतं ते, चौदा दिवसांत कुणी किल्ली दिली नव्हती. तिथंच उभं राहून त्यांनी किल्ली दिली, कानाशी धरलं आणि म्हणाल्या, “हे घड्याळ माझ्या आईच्या पाटल्यांचं आहे. ते कुणाला जाईल ते मी सांगेन तेव्हा.” आणि ते आपल्याच डाव्या हाताला बांधलं. पट्टा मोठा. शेवटच्या भोकात अडकवूनही सैल. बांगड्यांच्या वर सरकवून बसवलं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांच्या हाताला पहिल्यांदा घड्याळ आलं.

भावजी चार दिवस धुमसले. मग त्यांचंही निवळलं. सासूबाई मात्र ते घड्याळ घालून मंडईत जात, तुळशीबागेत जात, भजनाला जात. एकदा ते साफ करायला दिलं तेव्हा दुकानदारानं सुचवलं, “आजी, डायल नवीन रंगवून देतो, कोरं दिसेल.” डायलवर आकड्यापाशी एक तपकिरी डाग होता. सासूबाई म्हणाल्या, “डागासकट राहू दे. आतलं तेवढं बघा.”

त्यांना बाजारभाव ठाऊक नव्हता, पण बोलल्या ते बाजाराच्या हिशेबानंही बरोबर होतं. जुन्या फेवरलुबांना मुंबईत नवे भडक रंग देऊन, कुठले कुठले काटे जोडून विकण्याचा मोठा धंदा चालतो. जगातले शौकीन अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात. मूळ डायल डागाळलेली असली तरी तिलाच किंमत. म्हणून सांगते, घरात असं घड्याळ असेल तर रंगवू नका. रोज एकाच वेळी, हातातून काढून, हलक्या हातानं किल्ली द्या आणि अडल्यासारखं वाटलं की तिथं थांबा. पावसाळ्यात दमट कपाटात ठेवू नका. काचेच्या आत धुकं आलं तर तांदळात पुरू नका, त्याची भुकटी आत जाते. सरळ दुरुस्तीवाल्याकडं न्या. चार-पाच वर्षांनी एकदा तेल-सफाई हवीच. आणि आकड्यांवर रेडियमचे पिवळट ठिपके असले तर घरी काच उघडण्याच्या भानगडीत कधीही पडू नका.

फाव्र-ल्युबा हे नाव २०११ साली चक्क आपल्या टाटांच्या टायटननं विकत घेतलं आणि २०२३ मध्ये ते एथॉस या भारतीय कंपनीच्या समूहाकडं गेलं. दीडशे वर्षांपूर्वी जे नाव माल विकायला मुंबईत आलं, त्याची मालकीच आता इकडं आली. टायटननं ते घेतलं त्याच वर्षी सासूबाईंनी आमचं घड्याळ वन्संच्या मुलीला दिलं. ती डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होती. “नाडी मोजायला सेकंद काटा लागतो ना?” एवढंच म्हणाल्या. मुलीकडून नातीकडं, म्हणजे पाटल्या जशा गेल्या असत्या तशाच वाटेनं ते गेलं.

देताना डबीत त्यांनी एक चिठ्ठी घातली होती. त्यात लग्नाची तारीख, आपल्या आईचं नाव आणि पाटल्यांचं वजन, एवढंच. तुमच्याही कपाटात असं एखादं घड्याळ पडलेलं असेल. ते कुणी घातलं हे घरात सगळ्यांना माहीत असतं. ते कशातून आलं, ते माहीत असणारं माणूस आहे तोवर त्याला विचारून घ्या आणि लिहून डबीत ठेवा.