गढूळ पाणी, भरलेलं ताट

सानुर, बाली
रविवार, रात्र

चि. विन्यास,


काल मी मांटा पाहिली, तो पंखांचा अवाढव्य मासा. त्याआधी बोटीच्या काठावर ओणवी होऊन सकाळची न्याहारी समुद्राला वाहिली. मालवणच्या मुलीला बोट लागली, हे काकांना सांगू नकोस.

फोनवर तू विचारलंस, "ताई, आपल्याकडे समुद्र काय कमी आहे?" तेव्हा नीट उत्तर सुचलं नाही. आता लिहिते.

सानुरहून नुसा पेनिडा बेट समोरच दिसतं. वेगवान बोटीनं पाऊण तास. किनाऱ्यावर जुन्या होड्या ओढून ठेवल्या होत्या, त्यांना दोन्ही अंगांनी बांबूच्या उलांड्या. आपल्या होडीला एकाच बाजूला असते, एवढाच फरक. निघण्यापूर्वी आमच्या तांडेलानं नारळाच्या पानाचा इवलासा द्रोण बोटीच्या पुढच्या टोकाला ठेवला. त्यात फुलं, चिमूटभर भात, वर पेटती उदबत्ती. मला एकदम नारळी पौर्णिमा आठवली.

बेटाला वळसा घालून दक्षिणेला गेलो आणि समुद्राचा स्वभावच बदलला. एका बाजूला चुनखडीचे उभे कडे, दुसऱ्या बाजूला थेट ऑस्ट्रेलियापर्यंत नुसतं पाणी. लाटा लांबून, सावकाश येतात आणि बोट उचलून खाली ठेवतात. माझी न्याहारी गेली ती इथेच.

उडी मारण्याआधी वाटाड्या पोरानं सगळ्यांना खाली बसवलं. वय असेल तुझ्याएवढं. म्हणाला, हात लावायचा नाही. तिच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो निघाला तर तिला जखमा चिघळतात. तीन मीटर लांब राहायचं. पाठलाग करायचा नाही. "तुम्ही थांबलात तर ती येईल," हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं.

पाणी गार होतं, आणि गढूळ. खोलातलं थंड पाणी तिथे वर येतं. एक बाई वैतागून म्हणाली, एवढे पैसे देऊन काही दिसतच नाही! मलाही तसंच वाटलं. मग खालच्या करड्या पाण्यातला एक तुकडा हलायला लागला.

विन्या, मी हात जवळ घेऊन नुसती तरंगत राहिले. ती समोरून आली, तोंड उघडं टाकून. पंखांचा पसारा आपल्या पडवीएवढा. तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन पाती, पळीसारखी. त्यांनी ती पाणी आत ढकलत होती. अगदी जवळ आल्यावर सावकाश उलटी झाली आणि पांढरं पोट वर केलं. कल्ल्यांच्या पाच-पाच फटी दिसल्या, आणि पोटावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे ठिपके. हे ठिपके प्रत्येकीचे वेगळे असतात. फोटोवरून अभ्यासक एकेकीला ओळखतात. मला ऐकू येत होता तो फक्त नळीतला माझाच श्वास.

आम्ही ज्याला गढूळ म्हणून नाक मुरडत होतो ते तिचं भरलेलं ताट होतं. एवढं मोठं धूड जगतं ते पाण्यातल्या इवल्याशा जिवांवर.

शेजारच्या बोटीतले चौघं मात्र कॅमेरा काठीला लावून तिच्या मागे धावले. त्यांना दिसली ती शेपटी.

आहे ती आपल्या पाकटाच्याच गोतातली, पण शेपटीला विषारी काटा नाही. तिला पिल्लू होतं ते वर्षभराच्या गरोदरपणानंतर, बहुधा एका वेळी एकच, आणि दोन पिल्लांमध्ये काही वर्षं जातात. तिचे कल्ले वाळवून चीनमध्ये औषध म्हणून विकतात, म्हणून इंडोनेशियातल्या काही गावांत तिची शिकार चाले. 2014 साली सरकारनं देशभर ती बंद केली. काकांच्या घरात वाढलेल्या मला त्या कोळ्यांचंही वाईट वाटतं. जाळं थांबलं की चूल कशी पेटायची, ते आपल्याला कुणी सांगायला नको. पण इतक्या सावकाश वाढणाऱ्या जिवावर हा धंदा तरी किती दिवस चालला असता?

तिथेही सगळं आलबेल आहे असं समजू नकोस. मी अकरा बोटी मोजल्या, आणि डिझेलचा वास पाण्यावर तरंगत होता. आम्हीही त्या गर्दीतलेच.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आपल्याकडे समुद्र कमी नाही. मालवणच्या किल्ल्याजवळ प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत, 1987 पासून कागदावर अभयारण्यही आहे. मागच्या मे महिन्यात तुझ्याच बोटीतून उतरले तेव्हा पर्यटक प्रवाळावर पाय रोवून फोटो काढत होते आणि तू त्यांच्या हातात माशांसाठी पाव देत होतास. मी तेव्हा गप्प बसले, ती माझी चूक.

म्हणून एवढंच कर. माणसं पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं खाली बसव. पाव बंद. प्रवाळावर पाय नाही, नांगर वाळूत टाकायचा. गिऱ्हाईक तुझं ऐकतं, कारण पाण्यात त्याचा जीव तुझ्या हातात असतो. एक-दोघं कुरकुरतील, कुरकुरू देत.

काका-काकींना शि. सा. नमस्कार. गणपतीत येते. तेव्हा तुझ्या बोटीत पैसे देऊन बसेन, आणि पाव दिसला तर वसूल करून घेईन.

तुझी,
सुधाताई