भरलेली पोटरी, पांढरा स्नायू

लहान मुलांच्या स्नायूंचे आजार नुसत्या डोळ्यांनी ओळखायला गेले की फसगत होते. भरदार पोटऱ्यांचा मुलगा आजारी निघतो आणि काडीसारख्या पायांचा ठणठणीत. कातडीखाली डोकावून हा फरक दाखवणारे साधन म्हणजे सोनोग्राफी. पोटातले बाळ किंवा मुतखडा पाहण्याचेच हे यंत्र. फक्त अंगावर टेकवायचा प्रोब सपाट तोंडाचा आणि साधारण १० ते १८ मेगाहर्ट्‌झचा. सुई नाही, गुंगी नाही, क्ष-किरण नाहीत. मूल आईच्या मांडीवर असतानाही तपासणी होते.

निरोगी स्नायू पडद्यावर काळपट दिसतो. प्रोब आडवा धरला तर काळ्या घोंगडीवर तांदळाची कणी सांडावी तसे पांढरे ठिपके, उभा धरला तर त्यांच्याच रेघा. तळाशी हाडाची लख्ख पांढरी कड. आजारात स्नायूचे तंतू मरतात, त्यांच्या जागी चरबी आणि चिवट तंतुमय ऊती येते आणि अशा प्रत्येक सीमेवरून ध्वनी परत फिरतो. स्नायू पांढरा होत जातो, खाली ध्वनी पोचेनासा होतो आणि हाडाची कड विरत जाते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील हेकमॅट, ड्यूबोविट्‌झ आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे दाखवून दिले. त्यांच्या कामातून आलेली चार पायऱ्यांची श्रेणी आजही वापरात आहे : पहिलीत सारे निरोगी, चौथीत हाड दिसतच नाही.

ड्युशेन हा स्नायूंचा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. चार-पाच वर्षांचा मुलगा सारखा पडतो, जिना चढायला कुरकुरतो. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत जणू स्वतःच्याच अंगावर चढतो. पोटऱ्या मात्र गुबगुबीत, त्यामुळे घरच्यांना तो अंगाने चांगला वाटतो. प्रोब टेकवला की त्याच पोटरीत धुरकट काचेसारखा एकसारखा पांढरेपणा दिसतो. मज्जारज्जूतील चेतापेशी मरत जाणाऱ्या एसएमए आजारात चित्र निराळे : स्नायू पातळ, कसर लागलेल्या कापडासारखा ठिगळाठिगळांचा, आणि वर चरबीचा थर त्या मानाने जाड.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कडाव आणि आसपासच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर या तपासणीला आणखी एक अर्थ आहे. तिथे कुपोषण जुने आहे. बारीक मूल दिसले की कारण खाण्यातच शोधले जाते आणि बहुतेकदा ते खरेही असते. उपासमारीने खंगलेला स्नायू पातळ होतो, पण साधारणपणे काळपटच राहतो. हाडाची कडही स्पष्ट दिसते. म्हणून जाडी आणि पांढरेपणा वेगवेगळे मोजायलाच हवेत. नुसत्या जाडीवर निदान करणे म्हणजे पुन्हा डोळ्याचीच चूक करणे.

याच प्रोबने मज्जातंतू, म्हणजे नसही पाहता येते. आडव्या छेदात मज्जातंतू मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक आजाराच्या नेहमीच्या प्रकारात तो हाताच्या लांबीभर सुजलेला आढळतो. कुष्ठरोगात सूज जागोजागी असते, विशेषतः कोपराच्या जरा वर. रायगड जिल्ह्याला हा आजार परका नाही. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन १९५१ पासून उभे आहे. करंगळी वाकू लागलेल्या मुलाची नस बोटांनी चाचपून नीट कळत नाही. पडद्यावर तिची रुंदी मोजता येते. डॉप्लरमध्ये तिच्यात रक्तप्रवाह दिसला, तर दाह चालू आहे असा संशय घेऊन उपचारांची घाई करावी लागते.

तपासणी करणाऱ्याचा हात सरावाचा लागतो. प्रोब जरा तिरपा झाला तरी निरोगी स्नायूचा उजळपणा बदलतो, आणि यंत्राची उजळपणाची मांडणी दर वेळी तीच नसेल तर तुलनाच फसते. तीन वर्षांखालील मुलांत बदल पुसट असतात. पेशीतील ऊर्जेच्या आजारांत चित्र अगदी निरोगीही दिसू शकते. शेवटचा शब्द जनुकीय चाचणीचा. सोनोग्राफी ती चाचणी कोणाची करायची आणि स्नायूचा तुकडा घ्यायचाच झाला तर कुठून, हे सांगते.

यंत्र छोटे, पिशवीत मावणारे मिळते, तरी ते सहज वाडीवर नेता येत नाही, कारण त्यानेच गर्भाचे लिंगही कळते. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला. नोंदणी झालेली जागा आणि फिरते वैद्यकीय पथक सोडून असे यंत्र वापरण्यास मनाई आहे. मुलींच्या जिवासाठी हे बंधन हवेच. त्यामुळे कडावच्या मुलाला कर्जत गाठून लोकलने मुंबईला, परळच्या वाडियासारख्या मुलांच्या रुग्णालयात न्यावे लागते, आणि मजुरी बुडवून आलेल्या आईबापांसाठी स्नायू, नस आणि रक्त या तिन्ही तपासण्या त्याच दिवशी उरकायला हव्यात.