निबर हुरडा आणि न केलेला फोन

आज पीक-पाण्याचं थोडं बाजूला ठेवतो आणि माझी एक चूक सांगतो. हुरड्याचे बुकिंग सुरू व्हायच्या आत सांगितलेली बरी.

आमचा भाग मंगळवेढ्याचा, ज्वारीचा. मालदांडी पिढ्यान्‌पिढ्या पेरतोय. पण मालदांडी भाकरीची. हुरड्याला दाणा गोड, रसाळ आणि हातावर चोळला की सहज सुटणारा पाहिजे. म्हणून गुळभेंडी आणि राहुरी विद्यापीठाची फुले मधुर असे दोन पट्टे वेगळे टाकले अन् सोलापूरच्या पाहुण्यांसाठी हुरडा पार्टी सुरू केली. पहिलं वर्ष चांगलं गेलं.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत 38 माणसांचं बुकिंग आलं. माणशी 350 रुपये, पाच हजार ॲडव्हान्स. बोलणी करणारे एक निवृत्त गुरुजी. रविवारी येणार होते. शुक्रवारी प्लॉटात गेलो, कणीस चोळून बघितलं तर दाणा दाताखाली कटकन वाजला. चिकाची अवस्था सरली होती, हुरडा निबर झाला होता. त्या आठवड्यात ऊन वाढलं होतं आणि मी लग्नाच्या गडबडीत चार दिवस रानात फिरकलो नव्हतो. दुसरा पट्टा अजून दुधात, त्याला आठ दिवस लागणार.

मंडळी ही म्हणाली, "अहो, फोन करून सांगा. पुढच्या रविवारी या म्हणावं."

मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. मोटारीच्या दुरुस्तीचे पैसे त्याच ॲडव्हान्समधून गेले होते. पाहुणे मोडले तर परत कुठून देऊ? शहरातल्या माणसाला काय कळतंय, गूळ-खोबरं, शेंगदाण्याची चटणी, दही भरपूर ठेवू, असं मनाला समजावलं.

रविवारी आगटी पेटवली, गोवऱ्यांचा आर चांगला पडला, पोरं झोपाळ्यावर खूश. पण त्यांच्यात एक आजी होत्या. घास तोंडात घोळवत बराच वेळ बसल्या, मग पदराआड काढून हळूच बाजूला टाकला. मी ताक घेऊन गेलो तेव्हा म्हणाल्या, "बाळा, मी पण रानातलीच हाय. हुरडा निबर झालाय. एक फोन केला असतास तर आम्ही थांबलो असतो की." आवाजात राग नव्हता. गुरुजींनी जाताना राहिलेले पैसे पूर्ण मोजून दिले. एक शब्द बोलले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

आठ दिवसांनी दुसरा पट्टा तयार झाला. पहाटे कणसं खुडून कोवळे दाणे काढले, पाव-पाव किलोच्या 38 पिशव्या भरल्या आणि गाडीवर टाकून सोलापूरला गुरुजींच्या घरी गेलो. पाकिटात माणशी 100 रुपयांप्रमाणे 3,800 घातले होते. वाटलं होतं, नको म्हणतील. नाही म्हणाले. मोजून घेतले, चहा पाजला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी आधी दाणा बघून फोन करा, मग ठरवू."

पुढच्या वर्षी त्यांच्यातली 17 माणसं आली. बाकीची परत फिरकली नाहीत, ती माझ्या चुकीची किंमत. आजीही आल्या नाहीत, तब्येत बरी नव्हती. त्यांच्यासाठी पिशवी मात्र पाठवली. त्या 17 जणांच्या ओळखीतून आज माझं अर्ध्याहून जास्त बुकिंग होतं.

तेव्हापासून जे बदललं ते असं :

पेरणी एकदम करत नाही. 15 सप्टेंबरनंतर दर दहा दिवसांनी दहा-दहा गुंठ्यांचा पट्टा टाकतो, चार पट्टे. एक निबर व्हायच्या आत दुसरा तयार.

बुकिंगच्या तीन दिवस आधी स्वतः कणीस चोळून बघतो आणि मगच पाहुण्यांना फोन. तयार नसेल तर तारीख बदला किंवा ॲडव्हान्स परत. ॲडव्हान्सच्या पैशाला पार्टी होईपर्यंत हात लावत नाही.

या पट्ट्यांवर कणसं निसवल्यावर रासायनिक फवारणी बंद. पाहुणा थेट तोंडात टाकतो. पाखरं राखायला माणूस लावतो, खर्च वाढतो, पण विचारणाऱ्याला खरं उत्तर देता येतं.

एक वही ठेवली आहे. कोण आलं, कुणाला तिखट चालत नाही, कुणाचे गुडघे दुखतात, खुर्ची लागते. पुढच्या खेपेला खुर्ची आधीच मांडलेली असली की माणूस पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा बसतो.

बाजार समितीत माल उतरवला, पट्टी घेतली की आपला व्यवहार संपतो. तिथली सवय मी इथं आणली, तिथंच चुकलो. इथं माणूस गाडीत बसून गेल्यावर व्यवहार सुरू होतो, कारण घरी जाऊन तो चार जणांना सांगणार असतो.

यंदाचा पहिला पट्टा आता पोटरीत आहे. गुरुजींचा फोन येऊन गेला. मी म्हणालो, दाणा बघतो आणि कळवतो.

तुमच्याकडं हुरड्याला कोणतं वाण चालतं, आणि चिकाची अवस्था किती दिवस टिकते? अनुभव सांगा, वहीत लिहून ठेवतो.