पाचवीचा कागद

“टोपण काढून ठेवा, जावईबापू. एवढ्या रातचं येणार, तिला कुठं टोपण काढत बसायला लावायचं!”

सासूबाईंचं हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलंय. लेकीच्या पाचवीची रात्र होती. पाटा-वरवंटा धुऊन मांडला होता, वरवंट्याला हळदकुंकू लावलं होतं, कणकेचे दिवे होते, बाळंतिणीच्या उशाखाली विळा होता. पाट्याशेजारी मी आणून दिलेला कोरा कागद आणि पेन. रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी त्याचं सगळं आयुष्य लिहून जाते, त्यासाठी ही तयारी. पाचवी पुष्कळ घरांत करतात. पण येणारी बाई दमून येईल, तिला हाताशी उघडं पेन लागेल, इतका तिच्या बाजूनं विचार करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. पेन शाईचं होतं. उघडं राहिलं की निबेवरची शाई वाळते. म्हणून मध्यरात्री उठून मी निब ओल्या फडक्यानं पुसली, कागदाच्या कोपऱ्याशी टेकवून शाई उतरते का ते पाहिलं आणि पेन पुन्हा होतं तसं ठेवलं. त्या कोपऱ्यात एक निळा ठिपका पडला. तेवढा एक ठिपका सोडला तर कागद कोरा.

माझी सासुरवाडी मांजरसुंब्याची. बीडकडून घाट चढून वर आलं की धुळे-सोलापूर रस्त्याला नगरकडून पाटोद्यावरून येणारा आणि पुढे केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता छेदतो, तो हा फाटा. ट्रकवाले इथे चहाला थांबतात, बसमधले प्रवासी रबडीला उतरतात. सभोवती बालाघाटचा माळ, सीताफळाची झाडं आणि डोंगराच्या कडेनं पवनचक्क्या. मांजरा नदी याच डोंगररांगेत, पाटोदा तालुक्यात उगम पावते. जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला दिंड्या चालत येतात, त्यांच्या टाळांचा आवाज माझ्या लेकीनं जन्मल्यापासून ऐकला. तिचा जन्म बीडचा. बायको बाळंतपणाला माहेरी आलेली, माझं काम संगणकावरचं, त्यामुळे सव्वा महिना मीही इथेच राहिलो. बापानं बाळंतिणीच्या खोलीत एवढं काय बसायचं, असं एका पाहुणीनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “बसू द्या. त्याचंबी लेकरू हाय.” मला सासूबाईंबद्दल जे वाटतं त्यातलं निम्मं त्या एका वाक्यामुळे आहे.

पाचवीच्या रात्री घरातलं कुणीतरी जागं राहायचं असतं. ते काम मी मागून घेतलं. लेक खांद्यावर, तिची ढेकर निघेपर्यंत पाठीवर थोपटत खोलीत फेऱ्या घालायच्या, ती झोपली की भिंतीला टेकून बसायचं आणि मोबाइलचा आवाज बंद करून ‘डार्क’ पाहायचं. ही जर्मन मालिका मी पूर्वी पाहिलेली. २०१७ ते २०२० अशा चार वर्षांत तिचे तीन भाग आले. विंडेन नावाचं एक गाव, तिथली अणुभट्टी, जंगलातली गुहा, तेहतीस वर्षांचं चक्र आणि त्यात एकमेकांत गुंतलेली चार कुटुंबं. नाती इतकी गुंतलेली, की बघताना मी वहीत वंशावळ काढून ठेवली होती. ज्यांना ती मालिका पाहायची आहे त्यांनी पुढचं एक वाक्य वगळावं. तिच्यात एक बाई अशी आहे, की तिची लेकच तिची आई आहे.

हे डोक्यात ताजं असतानाच सकाळी लेकीला न्हाऊ घालायला येणाऱ्या आजी आल्या. पाय लांब करून बसल्या, पायांवर लेकरू घेतलं, तळहातावर तेल घेऊन तिची टाळू भरली. मी त्यांना सहज म्हणालो, “आजी, ती सटवाई सगळ्यांचं लिहिते. मग तिच्या स्वतःच्या लेकीचं कोण लिहितं?” आजींचा हात थांबला नाही. “तीच लिवती की. तिथंच तर घोळ झाला.”

सटवाईला एक लेक होती. आई रोज रात्री कुठं जाते, म्हणून तिनं विचारलं. लेकरांच्या कपाळी लिहायला, आई म्हणाली. मग माझ्या कपाळी काय लिहिलंस? आई सांगेना, लेक हटून बसली. शेवटी आईनं सांगितलं, तुझं लग्न तुझ्या पोटच्या पोराशी होईल. लेकीनं त्याच पावली घर सोडलं. पुरुषाचं तोंड बघायचं नाही, म्हणजे लग्न नाही, पोर नाही, आईचं लिहिलेलं खोटं. डोंगरात एकटी राहिली. एकदा कोणी राजा शिकारीला आला, झऱ्यावर पाणी प्याला, चूळ भरून तिथंच टाकली आणि निघून गेला. त्याच्यामागून ही आली, तेच पाणी प्याली आणि हिला दिवस गेले. मुलगा झाला. हिनं लुगड्याचा पदर फाडला, त्यात त्याला गुंडाळलं आणि कड्यावरून खाली लोटून दिलं. इथं आजींनी लेकीला पालथी केली आणि पाठीला तेल लावायला घेतलं. मी मध्येच काही विचारायच्या आत म्हणाल्या, “मेलं न्हाई ते. झाडात अडकलं. माळ्याला सापडलं.” माळ्याला मूल नव्हतं, माळिणीनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. इकडे हिची वर्षं गेली. मूल मेलं असं धरून चाललेली, आता कशाची भीती म्हणून डोंगर उतरली आणि फिरत फिरत त्याच माळिणीच्या दारात आली. गुणाची दिसते, सून करून घेऊ, असं माळीण म्हणाली. लग्न झालं. मग एक दिवस पेटी आवरताना हिच्या हाताला तो लुगड्याचा तुकडा लागला.

आजी पाणी ओतायला लागल्या. लेक रडायला लागली. मी पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणालो, “मग?”

“मग काय? घडी घातली, पेटीत ठिवला. कोणाला बोलली न्हाई. सासूची सेवा केली, संसार केला.”

माझ्या अंगावर काटा आला. ‘डार्क’मधली माणसं तीन भाग धावत असतात. गाठ सुटावी म्हणून काळाच्या मागे जातात आणि त्या मागे जाण्यानंच गाठ बसते. नेमकं हेच या गोष्टीत आहे. लेक पळाली म्हणून तर ती आई झाली. फक्त तिथे गुहा आणि यंत्रं लागतात, इथे चूळ भरलेलं पाणी पुरतं. पुढे शोधलं तेव्हा कळलं, की इरावती कर्वे यांनी १९५० साली ‘मॅन’ या मानवशास्त्राच्या इंग्रजी नियतकालिकात ईडिपसच्या कथेचं मराठी रूप म्हणून ही गोष्ट नोंदवली होती. ए. के. रामानुजन यांनीही अशा भारतीय गोष्टींवर लिहिलं, आणि त्या आईच्या बाजूनं सांगितल्या जातात याकडे लक्ष वेधलं. ग्रीक नाटकात सत्य कळल्यावर आई गळफास घेते आणि मुलगा डोळे फोडून घेतो. आमच्या आजींच्या गोष्टीत बाई कापडाची घडी घालते. मला आजींचा शेवट जास्त मोठा वाटतो. जे कळलं ते सगळं ती एकटी पोटात घालते आणि ज्या माळिणीनं पोर वाढवलं तिच्या म्हातारपणाला धक्का लागू देत नाही. असा शेवट अजून कुठल्या विज्ञानकथेत मला सापडलेला नाही, आणि त्या मी शाळेपासून वाचतोय.

त्याच सकाळी, पाचवीची रात्र सरल्यावर, सासूबाईंनी पाट्याशेजारचा तो कागद उचलून उजेडात धरला होता. “लिवलंय बगा झकास.” मला काही दिसत नाही, मी म्हणालो. “तुम्हाला कसं दिसंल? ते तिचं अक्षर हाय.” मला तेव्हा जयंत विष्णू नारळीकर आठवले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. परीक्षकांनी लिहिणाऱ्याचा हात न ओळखता नुसती गोष्ट वाचली, याचं मला फार अप्रूप आहे.

लेकीला ‘स्टार वॉर्स’ कोणत्या क्रमानं दाखवायचं, हे मी ठरवून टाकलंय. आधी १९७७चा, मग १९८०चा, मग १९८३चा. १९९९पासून आलेले तिन्ही त्यानंतर. कथेतला काळ सरळ लावून पहिल्यापासून दाखवणारे आईबाप आहेत, ते मला अजिबात पटत नाही. काळ्या मुखवट्यामागचा माणूस कोण, हे नायक ल्यूकच्या बरोबरीनंच कळायला हवं. आधी कळलं तर ती सटवाईच्या लेकीसारखी आडरानात शिरेल आणि सिनेमाभर तिथंच भटकत राहील. बायकोचं म्हणणं, आधी तिची मान तर धरू दे.

संध्याकाळी लेकीला दुपट्यात गुंडाळून मी फाट्याच्या अलीकडे थोडं चालून येतो. दिवाळी उलटली की या रस्त्यानं ऊसतोडीचे ट्रॅक्टर कारखान्यांकडे जातात. ट्रॉलीत संसार भरलेला असतो, भांडी, सरपण, पाचट झाकायचे कागद, कोंबड्या, आणि वर माणसं. एका ट्रॉलीत दोन दांड्यांना साडीची झोळी बांधलेली होती आणि एक तरुण बाप एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं झोळी आवरत होता, रस्त्याचा खड्डा तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून. ‘मँडलोरियन’ मालिकेत एक एकांडा शिलेदार तरंगत्या पाळण्यातलं लेकरू घेऊन ग्रहांमागून ग्रह फिरतो; तिच्यामागे १९७०मध्ये सुरू झालेली ‘लोन वुल्फ अँड कब’ ही जपानी चित्रकथा आहे, त्यातला सामुराई मुलाला लाकडी गाड्यात बसवून मुलूखभर हिंडतो. दोन्ही माझ्या फार आवडीच्या. पण त्या ट्रॉलीतल्या बापाचा तोल पाहिल्यावर त्या दोन्ही मला सोप्या वाटल्या. त्या लेकराच्या पाचवीलाही कागद ठेवला असणार. पुढचे पाच-सहा महिने ते फडाच्या बांधावर वाढणार, हे मात्र सटवाईनं लिहिलेलं नाही. ते मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या हिशेबात लिहिलेलं असतं, आणि तो हिशेब माणसांचा असल्यामुळे माणसांना बदलता येतो. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. तेही कुणा देवीनं लिहिलेलं नव्हतं. हा आकडा मला पूर्वीपासून माहीत होता, पण लेक खांद्यावर असताना तो आठवला तेव्हा मी चालायचा थांबलो.

मुलगी झाली म्हणून सासऱ्यांनी फाट्यावरून रबडी आणली आणि गल्लीत वाटली. पेढे मुलाला आणि जिलेबी मुलीला, ही वाटणी त्यांना मान्य नाही. ते फार कमी बोलतात. एका रात्री मी मोबाइलवर चित्रकथा वाचत होतो, ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “आमच्या टायमाला इंद्रजाल होतं.” मग त्यांना थांबवता येईना. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि १९९०मध्ये बंद पडलं. त्यातला मराठी वेताळ, म्हणजे मूळचा ‘फँटम’, त्यांनी बीडच्या बसस्थानकावर उभ्यानं वाचलेला. कवटीची गुहा, लांडगा डेव्हिल, घोडा हिरो, जबड्यावर उमटणारा कवटीचा ठसा, सगळं पाठ. वेताळ अमर नाही, बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो आणि जग समजतं की हा एकच माणूस चारशे वर्षं जगतोय, हे त्यांनी मला असं सांगितलं की जणू मीच ते पहिल्यांदा ऐकतोय. एकविसावा वेताळ म्हणजे आपला वेताळ. मग लेकीच्या झोळीकडे बघत म्हणाले, “त्याला सगळे पोरंच झाले का हो? एकविसांत एकाला तरी लेक झाली आसंल की.”

मी त्यांना ज्युलीबद्दल सांगितलं. सतराव्या वेताळाची जुळी बहीण. भाऊ जायबंदी होऊन पडला तेव्हा तिनं मुखवटा चढवला, वेताळाचं काम चालू ठेवलं. सासरे सरसावून बसले. ही गोष्ट त्यांच्या वाचनात आली नव्हती. मराठीत निघाली होती का, कुठल्या अंकात, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळेल का, असं विचारत राहिले. मोबाइलवर दाखवतो म्हणालो तर नको म्हणाले, कागदावरच पाहिजे. अप्पा बळवंत चौकात चौकशी करून बघतो, असं मी कबूल केलंय. त्यांनी अंकाच्या किमतीची चिंता करू नका म्हणून सांगितलंय, आणि मिळालाच तर दोन आणा, एक प्रत लेकरू फाडणार.